आकारस्मृती मिश्रधातू आणि भाराचा वेग

नेहमीच्या वापरातली पोलादी तार लांबीच्या जेमतेम अर्ध्या टक्क्यापर्यंत ओढली तर सोडल्यावर पूर्ववत होते आणि त्यापुढे ओढल्यास कायमची लांबते, हा धातुशास्त्राच्या पहिल्या धड्यातला भाग आहे. निकेल आणि टायटॅनियम यांचे अणू जवळजवळ समसमान संख्येने एकत्र आणून केलेल्या मिश्रधातूची तार मात्र सहा ते आठ टक्के ओढूनही सोडताच मूळ लांबीवर येते. त्याच मिश्रधातूचा थोडा वेगळ्या प्रमाणातला तुकडा थंड असताना हवा तसा वाकवला, तरी ऊब लागताच आपला जुना आकार धारण करतो. या दुसऱ्या गुणावरून अशा धातूंना आकारस्मृती मिश्रधातू हे नाव पडले, तर पहिल्या गुणाला अतिस्थितिस्थापकता म्हणतात. हे धातू हळूहळू ओढले असता कसे वागतात, याचे वर्णन पाठ्यपुस्तकांत सविस्तर सापडते. झटक्याने ओढले असता कसे वागतात, याविषयी मात्र तिथे बहुधा एखाददुसरा परिच्छेद असतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तो दुर्लक्षित परिच्छेद हा आहे. या धातूंच्या बाबतीत ‘वेगाने’ या शब्दाला स्वतःचा असा अर्थच नसतो, तर तारेची जाडी, तिच्याभोवतीचे माध्यम आणि तिच्यात निर्माण झालेली उष्णता निघून जायला मिळणारा अवधी यांवरून तो अर्थ ठरतो, हे त्यातले मुख्य प्रतिपादन आहे.

या सगळ्याच्या मुळाशी स्फटिकरचनेतला बदल आहे. मिश्रधातू उबदार असताना त्यातले अणू घनाकृती मांडणीत बसलेले असतात, आणि या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. थंड झाल्यावर तीच मांडणी तिरकी होऊन कललेल्या पेटीसारखी बनते, आणि त्या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. ही दोन्ही नावे पोलादाच्या अभ्यासातून उसनी आलेली असून, पहिले इंग्लंडच्या विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्या आणि दुसरे जर्मनीच्या आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून रूढ झाले. एका अवस्थेतून दुसरीत जाताना कोणताही अणू आपला शेजार सोडून दूर जात नाही. कवायतीत पलटणीने एकाच वेळी पाऊल सरकवावे तसे सगळे अणू मिळून थोडेसे सरकतात, आणि म्हणूनच परतीची वाट मोकळी राहते. हा बदल थंडाव्याने होतो तसा ओढण्यानेही होतो. उबदार ऑस्टेनाइटची तार ओढली की ठरावीक प्रतिबलाला, म्हणजे क्षेत्रफळाच्या एककावर येणाऱ्या ठरावीक बलाला, तिचा एकेक भाग मार्टेन्साइटमध्ये रूपांतरित होऊ लागतो, रूपांतरित भाग लांब होतो, आणि ओढ काढून घेतल्यावर हीच क्रिया उलटी घडते.

सोने आणि कॅडमियम यांच्या मिश्रधातूची ही रबरासारखी वागणूक स्वीडनच्या आर्ने ओलांडर यांनी १९३२ मध्ये नोंदवली, आणि सोव्हिएत संघातील कुर्दयुमोव्ह व खांद्रोस यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूत मार्टेन्साइटचे पट्टे तापमानाबरोबर वाढताना आणि आटताना दाखवले. निकेल-टायटॅनियमची कथा अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या व्हाइट ओक येथील नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत १९५९ च्या सुमारास सुरू होते, आणि ‘निटिनॉल’ या नावात निकेल, टायटॅनियम व त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. तिथले धातुतज्ज्ञ विल्यम ब्यूलर यांनी ओतून काढलेल्या कांड्या काँक्रीटच्या जमिनीवर टाकून पाहिल्या, तेव्हा थंड झालेली कांडी मातीच्या ढेकळासारखी थप्प वाजली आणि अजून गरम असलेली कांडी घंटेसारखी घुमली. या धातूच्या स्मृतीची पुढे पुष्कळ चर्चा झाली. पण त्याचे वेगळेपण पहिल्यांदा उघड झाले ते जमिनीवर आपटण्यातून, म्हणजे एका वेगवान भारातून, हे इतिहास सांगताना सहसा लक्षात घेतले जात नाही. गरम कांडीतले ऑस्टेनाइट कंपन जवळजवळ जसेच्या तसे परत करते, तर थंड कांडीतल्या मार्टेन्साइटच्या असंख्य जुळ्या पट्ट्यांच्या सीमा कंपनाबरोबर पुढेमागे सरकत त्याची ऊर्जा गिळून टाकतात.

मग या अंतर्गत रूपांतरालाच वेळ लागतो का, असा प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. त्याचे उत्तर १९५३ मध्ये मिळालेले आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेतील रॉबर्ट मेहल आणि रॉइन्टन बनशाह यांनी लोह-निकेल मिश्रधातूत मार्टेन्साइटचा एकेक पट्टा वाढताना विद्युतरोधात होणारा बदल मोजला, तेव्हा त्या पट्ट्याच्या वाढीचा वेग सेकंदाला सुमारे १,१०० मीटर, म्हणजे त्या धातूतील ध्वनीच्या वेगाच्या साधारण एक तृतीयांश भरला. निकेल-टायटॅनियम हा वेगळा धातू असला तरी अणूंना शेजार सोडावा लागत नाही ही गोष्ट दोहोंत समान आहे, त्यामुळे रूपांतराच्या अंगी मंदपणा आहे असे मानण्याला आधार उरत नाही. असे असूनही निकेल-टायटॅनियमची तार दहा मिनिटांत ओढली आणि दहा सेकंदांत ओढली तर दोन आलेख इतके निराळे येतात की ते एकाच तारेचे आहेत हे सांगावे लागते. दहा सेकंद हा अवधी अणूंच्या दृष्टीने युगासारखा आहे. तेव्हा कारण अणूंच्या हालचालीत नसून अन्यत्र असले पाहिजे.

ते कारण उष्णतेत आहे. पाण्याचे बर्फ होताना जशी अप्रकट उष्णता, म्हणजे तापमान न बदलता अवस्था बदलताना सुटणारी उष्णता, बाहेर पडते, तशीच ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होतानाही बाहेर पडते, आणि उलट्या रूपांतरात तेवढीच शोषली जाते. निकेल-टायटॅनियममध्ये तिचे प्रमाण एका ग्रॅममागे साधारणपणे १० ते २० ज्यूल असते, आणि या धातूचा एक ग्रॅम एका अंशाने तापवायला सुमारे अर्धा ज्यूल पुरतो. याचा अर्थ, उष्णतेला बाहेर पडायला वाव न देता तार पूर्णपणे रूपांतरित केली, तर ती वीस अंशांहून अधिक तापेल. याची प्रचिती घ्यायला प्रयोगशाळाही लागत नाही. तीन दशांश मिलिमीटर जाडीची अतिस्थितिस्थापक तार दोन हातांत धरून झटक्याने ओढावी, त्यासाठी जेमतेम तीन किलोग्रॅम वजनाइतके बल लागते, आणि लगेच ओठाला लावावी. ती स्पष्ट गरम लागते. ताणलेली तशीच काही सेकंद धरून ठेवली की ती खोलीच्या तापमानाला येते, आणि मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावली तर नुकत्याच पाण्यातून काढलेल्या चमच्यासारखी गार लागते.

आता ही उष्णता किती वेळात निघून जाते, हे पाहावे लागते. एक मिलिमीटर जाडीच्या तारेचा हिशेब केला तर आतल्या गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत उष्णता पोहोचायला सेकंदाचा काही शतांश भागच लागतो, पण पृष्ठभागावरून स्थिर हवेत जायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. तीच तार वाहत्या पाण्यात असेल तर एखादा सेकंद पुरतो. म्हणजे हवेतल्या या तारेला सहा टक्के ओढण्यासाठी पाच मिनिटे घेतली तर भार मंद म्हणायचा, आणि पाच सेकंद घेतले तर वेगवान. पाण्यातल्या तारेसाठी पाच सेकंद हा बऱ्यापैकी सावकाश भार ठरतो, तर बोटाएवढ्या जाड सळीला हवेत पाच मिनिटेसुद्धा घाईची असतात. पोलादाच्या बाबतीत अभियंता ‘वेगवान भार’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हातोड्याचा घाव किंवा स्फोट असतो. स्मृतिधातूच्या बाबतीत मात्र माणसाने सहज ओढलेली तारही वेगवान भाराखाली आलेली असते.

तापण्याचा परिणाम प्रतिबलावर होतो, कारण धातू जितका उबदार तितके ऑस्टेनाइट अधिक स्थिर, आणि त्याला मार्टेन्साइट व्हायला भाग पाडण्यासाठी ओढही तितकीच अधिक लागते. वायू आणि द्रव यांच्या समतोलासाठी एकोणिसाव्या शतकात मांडलेले क्लाउझियस आणि क्लापेरॉन यांचे समीकरण इथे दाबाच्या जागी प्रतिबल घालून जसेच्या तसे लागू पडते, आणि निकेल-टायटॅनियमसाठी त्यातून तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सहा ते सात मेगापास्कल अशी वाढ मिळते. मंद भाराखाली तारेचा आलेख सुमारे ४०० मेगापास्कलला पोहोचून सपाट होतो आणि ओढ न वाढवताही तार लांबत राहते. आलेखाच्या या सपाट भागाला पठार म्हणतात. तीच तार घाईने ओढली आणि वीस अंशांनी तापली, तर रूपांतराच्या शेवटी लागणारे प्रतिबल एकशेवीस ते एकशेचाळीस मेगापास्कलने चढलेले असते, म्हणजे पठाराचा चढा घाट झालेला असतो. धातू वेगाबरोबर ‘कडक’ झाला असे वाटते, पण प्रत्यक्षात तो केवळ गरम झालेला असतो.

ही गोष्ट संशयाला जागा न ठेवता दाखवण्याचे श्रेय टेक्सास विद्यापीठातील जॉन शॉ आणि स्टेलिओस किरियाकिडीस यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांना द्यावे लागेल. त्यांनी सारख्याच तारा वेगवेगळ्या वेगांनी कधी हवेत तर कधी पाण्यात ओढल्या, आणि तारेच्या अंगावर ठिकठिकाणी तापमानही मोजले. मंद वेगाला रूपांतर तारेभर एकदम होत नाही, तर एखाददुसऱ्या ठिकाणी सुरू होऊन त्याची सीमारेषा तारेवरून सरकत जाते, आणि त्या सरकत्या रेषेपाशीच उष्णता सुटते. वेग वाढवला की सीमेपाशी साठलेली उष्णता तिथले पुढचे रूपांतर अवघड करते, तार दुसऱ्या थंड जागी नवी सीमा उघडते, मग तिसरी, आणि वेग पुरेसा वाढला की सीमांची दाटी होऊन सगळी तार एकसारखी बदलते आहे असे दिसू लागते. एका दारावर गर्दी झाली की माणसे दुसरे दार उघडतात, तसा हा प्रकार आहे. पुढे अवरक्त कॅमेऱ्यांनी हीच दाटी तापलेल्या पट्ट्यांच्या रूपात दाखवली.

इथवरचे चित्र सरळ आहे; गुंतागुंत सुरू होते ती ऊर्जेच्या हिशेबात. तार ओढताना आलेख वरच्या पठारावरून जातो आणि सोडताना खालच्या, आणि दोहोंमधल्या या वळशाला हिस्टेरिसिस म्हणतात. वळशाने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे त्या फेऱ्यात तारेने गिळलेली ऊर्जा. भूकंपाचे धक्के शोषण्यासाठी या धातूचा वापर करायचा तो या क्षेत्रफळाच्या भरवशावर. वेग वाढला की हे क्षेत्रफळ वाढते की घटते, या प्रश्नाला अनेक वर्षे दोन्ही उत्तरे छापली जात होती, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती. अगदी मंद भारात तापमान बदलतच नाही आणि क्षेत्रफळ आपल्या मूळ मापाचे राहते. मधल्या वेगात ओढताना तार तापते, तिचे पठार चढते, पण सोडायच्या वेळेपर्यंत ती बरीचशी उष्णता गमावून बसलेली असते आणि सोडताना उलट खोलीपेक्षाही गार होते. वरची वाट वर जाते, खालची खाली, आणि क्षेत्रफळ वाढते. फार वेगात ओढताना तापलेली तार उष्णता गमावायच्या आतच सोडली जाते, त्यामुळे परतीची वाटही चढलेल्या पातळीवरूनच सुरू होते आणि वळसा अरुंद होतो. म्हणजे क्षेत्रफळ आधी वाढून मग घटते, आणि त्याचा कळस येतो तो भाराचा अवधी आणि उष्णता निघून जाण्याचा अवधी एकमेकांच्या जवळ येतात तेव्हा. हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात छिंगपिंग सुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास हे गणिताने आणि प्रयोगाने उलगडून दाखवले.

याचा व्यवहारातला अर्थ इटलीतल्या एका लहानशा घंटामनोऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. रेज्जो एमिलिया भागातील त्रिन्यानो येथील सेंट जॉर्ज चर्चच्या विटांच्या मनोऱ्याला १५ ऑक्टोबर १९९६ च्या भूकंपाने तडे गेले, आणि १९९९ मध्ये त्याच्या आतल्या चार कोपऱ्यांत चार उभे पोलादी ताण बसवून प्रत्येकात एक स्मृतिधातूचा जोड घालण्यात आला. प्रत्येक जोडात एक मिलिमीटर जाडीच्या आणि ३०० मिलिमीटर लांबीच्या साठ तारा आहेत, आणि विटकामावर येणारे बल २० किलोन्यूटनच्या पुढे जाऊ नये हा त्यांचा हेतू आहे. साठ तारांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ४७ चौरस मिलिमीटर भरते, त्याला पठाराच्या सव्वाचारशे मेगापास्कलने गुणले की बरोबर तेवढेच बल येते, म्हणजे पठार हीच इथली मर्यादा आहे. परंतु भूकंपाचे हेलकावे सेकंदाला एक-दोन या गतीने येतात आणि या तारांना हवेत थंड व्हायला अर्धे मिनिट लागते. तार पूर्ण ताणली गेली तर वीस अंशांच्या तापण्याने हीच मर्यादा २० वरून २६ किलोन्यूटनपर्यंत सरकेल. शिवाय प्रत्येक पूर्ण फेऱ्यात गिळलेल्या ऊर्जेमुळे तार सुमारे चार अंशांनी आणखी उबदार होत जाईल, ती भर वेगळीच. वाढीव बलाला पेलण्याइतकी सवड ठेवणे हा संकल्पकाराचा धर्म आहे, आणि जो आलेख पाहून संकल्पन करायचे तो भूकंपाच्याच वेगाने काढलेला असला पाहिजे, ही अट म्हणूनच टाळता येत नाही. १८ जून २००० रोजी त्याच भागात पहिल्याच्या जवळपास ताकदीचा भूकंप झाला, तेव्हा मनोऱ्याला इजा झाली नाही. तारा पूर्ण ताणाव्यात इतका तो भूकंप मोठा नव्हता, हेही त्याबरोबर नोंदवले पाहिजे.

रक्तवाहिनीत बसवायच्या निटिनॉलच्या जाळीदार नळीची, म्हणजे स्टेंटची, गोष्ट याच्या उलट आहे. नाडी मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके धरली तर दहा वर्षांत सुमारे ३८ कोटी ठोके होतात, आणि तेवढे ठोके सोसण्याची खातरजमा दहा वर्षे थांबून करता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत सेकंदाला पन्नास ठोक्यांच्या गतीने ती तीन महिन्यांत उरकतात. वरचे सगळे विवेचन ऐकल्यावर ही घाई शंकास्पद वाटणे साहजिक आहे. परंतु नाडीच्या ठोक्यागणिक नळीत होणारी विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत होणारा बदल, टक्क्याच्या लहानशा अंशाइतकी असते, तिच्या पट्ट्या अत्यंत बारीक असतात आणि चाचणी ३७ अंशांच्या वाहत्या द्रवात होते, त्यामुळे उष्णता साठायला जागाच मिळत नाही. उघड्या हवेत जाड तारेवर हीच घाई केली असती तर चाचणी निरर्थक ठरली असती.

जी उष्णता भूकंपतज्ज्ञाला अडचणीची वाटते, तीच काही संशोधकांना हवी असते. तार झटक्याने ओढायची, तापली की तिची उष्णता बाहेर सोडायची, मग झटक्याने सैल करायची आणि आलेला गारवा वापरायचा, असा फेरा केला की वायूशिवाय चालणारे शीतयंत्र मिळते. मेरीलँड विद्यापीठातील गटाने २०१२ मध्ये निकेल-टायटॅनियमच्या तारा सैल करून १७ अंशांची घट मिळवली, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वायूच्या दाबावर न चालणाऱ्या शीतकरण तंत्रांची तुलना करताना या पद्धतीला आघाडीचे स्थान दिले. इथे वेग हा दोष नसून अटच आहे, कारण सावकाश ओढलेली तार गार होतच नाही. अडचण आहे ती तार लाखो फेऱ्यांनंतर थकून तुटण्याची.

उष्णतेचा मुद्दा इतका व्यापक असला तरी वेगाची कथा तिथेच संपत नाही. त्यापुढचा टप्पा पाहण्यासाठी हॉपकिन्सन दांडा नावाचे साधन वापरतात, ज्याची मूळ कल्पना बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये मांडली आणि आजचे रूप हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये दिले. दोन लांब पोलादी दांड्यांच्या मध्ये बोटाच्या पेराहून लहान नमुना ठेवतात, पहिल्या दांड्यावर अर्धा मीटर लांबीची कांडी वेगाने आदळवतात, आणि त्यातून निघालेली सुमारे २०० मायक्रोसेकंदांची लहर नमुन्यातून पार जाताना दोन्ही दांड्यांवर चिकटवलेले विकृतिमापक तिची नोंद घेतात. अशा रीतीने सेकंदाला हजारपट इतक्या दराने नमुना दाबता येतो, म्हणजे सहा टक्क्यांची विकृती साठ मायक्रोसेकंदांत उरकते. या वेगाला उष्णता कुठेच जाऊ शकत नाही, त्यामुळे तापण्याचा परिणाम आपली कमाल गाठून थांबलेला असतो; तरीही सॅन दिएगो येथील सिया नेमत-नासर यांच्या गटाला याही पुढे वेग वाढवल्यावर रूपांतराचे प्रतिबल चढतच गेलेले आढळले. इथे कारण यांत्रिक आहे: तारेतली रूपांतराची सीमा जोराच्या आघातातही सेकंदाला फार तर काही शे मीटर धावते, तर त्याच तारेतली लवचीक लहर सेकंदाला तीन हजार मीटरहून अधिक वेगाने पुढे निघून गेलेली असते, आणि सीमेला अधिक पळवायचे तर अधिक बल खर्चावे लागते.

सेकंदाला दहा हजारपटींच्या पलीकडे तर धातू आपला स्वभावच सोडतो. रूपांतरासाठी लागणारे प्रतिबल इतके चढते की त्याआधीच स्फटिकातले थर एकमेकांवरून घसरू लागतात, जसे ते साध्या पोलादात घसरतात, आणि अशी घसरण झालेला नमुना सोडल्यावर परत येत नाही. स्मृती पुसली जाते असे म्हणणे आकर्षक असले तरी अचूक नाही. स्मृतीचा वापर करायला धातूला सवडच मिळत नाही. चिलखतात किंवा आघातरोधक कवचात हा धातू घालण्याच्या योजना मांडणाऱ्यांनी ही मर्यादा आधी पाहावी, कारण बंदुकीच्या गोळीच्या वेगाला स्मृतिधातू कदाचित एक महागडा साधा धातू ठरेल.

महाराष्ट्राला हा धातू परका नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने निकेल, टायटॅनियम आणि लोह यांच्या मिश्रधातूची, ऊब मिळताच आवळणारी जोडकडी ‘तेजस’ विमानाच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी तयार केली, आणि दातांच्या दवाखान्यांतून निकेल-टायटॅनियमच्या तारा रोज वापरल्या जातात. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळांत मात्र हा धातू अभावानेच दिसतो, आणि दिसला तरी गरम पाण्यात सरळ होणारी क्लिप दाखवून धडा आवरता घेतला जातो. त्याऐवजी वीतभर अतिस्थितिस्थापक तार, तिला चिकटवलेले एक बारीक थर्मोकपल, बलमापक आणि पाण्याने भरलेली एक नळी एवढे साहित्य घेऊन तीच तार एकदा हवेत पाच मिनिटांत, एकदा हवेत पाच सेकंदांत आणि एकदा पाण्यात पाच सेकंदांत ओढायला लावावी, आणि तिन्ही आलेख एकाच कागदावर काढून घ्यावेत. तार विकणाऱ्या पुरवठादाराच्या पत्रकात वेग, जाडी आणि माध्यम न सांगता पठाराचा एकच आकडा छापलेला असतो, तो कोणत्या आलेखाचा आहे हे विद्यार्थ्यांनी मग पुरवठादाराला पत्र लिहून विचारावे.